विविक्त गणिताच्या वर्गात

दूध मापतात आणि आंबे मोजतात. ही दोन क्रियापदे कोठे वापरावीत हे मराठी बोलणाऱ्या लहान मुलालाही कोणी शिकवावे लागत नाही. दुधाचे अर्धे करावे, अर्ध्याचे पुन्हा अर्धे करावे, तरी हाती उरते ते दूधच. आंब्यांच्या राशीचे तसे नाही. एक आंबा, दोन आंबे, तीन आंबे. दोन आणि तीन यांच्यामध्ये आंबा म्हणून काही नाही. गणिताचेही असेच दोन प्रांत आहेत. शाळेच्या अखेरीस आणि महाविद्यालयाच्या आरंभी मुलांना जे कलनशास्त्र शिकवतात ते दुधाचे गणित. वेग, उष्णता, क्षेत्रफळ अशा अखंड वाहणाऱ्या आणि अखंड बदलणाऱ्या राशींचा तो विचार आहे. संगणकाच्या पोटात मात्र दूध नाही, आंबे आहेत. तेथे एक तरी असतो किंवा शून्य तरी. अधलेमधले काही नाही. अशा सुट्यासुट्या वस्तूंच्या गणिताला इंग्रजीत डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स म्हणतात आणि आपल्या परिभाषेत विविक्त गणित. गीता वाचणाऱ्यांना 'विविक्त' हा शब्द एकांत या अर्थाने परिचित असतो. माझ्या विद्यार्थ्यांना तो कोणत्याच अर्थाने परिचित नसतो. आणि परिचय झाल्यावर, निदान पहिले दोन महिने, तो त्यांना फारसा आवडतही नाही.

माहिती तंत्रज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना हा विषय शिकवीत मला वीस वर्षांहून अधिक काळ झाला. आमचे विद्यापीठ महाराष्ट्राच्या सीमेबाहेर असले, तरी वर्गातली निम्मी मुले घरी मराठी बोलणारी असतात. आज आपल्याशी मी या गणिताविषयी बोलणार आहे. आणि त्याहून अधिक, ते शिकवताना माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी.

अध्यापनाच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. तालुक्याच्या गावाहून आलेला, मराठी माध्यमात शिकलेला एक मुलगा माझ्या वर्गात होता. शेवटच्या बाकावर बसायचा, प्रश्न कधी विचारायचा नाही, पण वही अशी लिहायचा की मुद्रकाने तशीच छापायला घ्यावी. परीक्षेत मी एक प्रमेय विचारले होते. त्याला कबुतरखान्याचा नियम म्हणतात. कबुतरे अकरा आणि खण दहा असतील, तर कोणत्या तरी एका खणात निदान दोन कबुतरे बसलीच पाहिजेत. एकोणिसाव्या शतकात डिरिश्ले या जर्मन गणितीने या साध्या दिसणाऱ्या नियमाचा मोठ्या कौशल्याने उपयोग करून घेतला. मुलाने नियम लिहिला, सिद्धता लिहिली, वर पुस्तकातली दोन उदाहरणेही लिहिली. मी दहापैकी दहा गुण दिले.

दोन वर्षांनी तोच मुलगा अखेरच्या वर्षाचा प्रकल्प घेऊन माझ्या खोलीत आला. त्याला संगणकातल्या फायली लहान करणारा कार्यक्रम लिहायचा होता. असे कार्यक्रम असतातच. परंतु याचा कार्यक्रम कोणतीही फाइल, मग ती पत्र असो, चित्र असो की गाणे, मूळच्यापेक्षा लहान करणार होता, आणि लहान केलेल्या फाइलीतून मूळची फाइल तंतोतंत परत मिळणार होती. चार महिने तो रात्री जागला होता. वडिलांकडून उसने पैसे आणून त्याने नवा संगणक घेतला होता. "सर, शंभर फायलींवर चालतो. दोन-तीन तेवढ्या अडतात. त्यांच्यासाठी थोडी दुरुस्ती राहिली आहे," तो म्हणाला.

मी त्याला म्हटले, "दहा चिन्हांची फाइल घे. प्रत्येक चिन्ह एक किंवा शून्य. अशा किती वेगवेगळ्या फायली होतील?"

"एक हजार चोवीस."

"आणि दहापेक्षा कमी चिन्हांच्या, एकापासून नवापर्यंतच्या सगळ्या मिळून?"

त्याने कागदावर बेरीज केली. दोन, चार, आठ, असे करीत पाचशे बारापर्यंत. "एक हजार बावीस. रिकामी फाइल धरली तर एक हजार तेवीस."

"मग एक हजार चोवीस कबुतरे एक हजार तेवीस खणांत बसवायची आहेत. एका खणात दोन बसतील. त्या खणातून परत काढताना तुझा कार्यक्रम कोणते कबूतर काढील?"

तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग त्याने जे विचारले ते मी आजवर विसरलेलो नाही. "सर, हे पहिल्या वर्षी होते ना? तेव्हा हे माझ्यासाठी आहे असे वाटले नव्हते."

त्या अडणाऱ्या दोन-तीन फायली दुरुस्तीने सुटणाऱ्या नव्हत्या. कोणतेही दहा चिन्हांचे, शंभर चिन्हांचे वा लाख चिन्हांचे जग घेतले तरी खण एकाने कमीच पडणार. आपल्या रोजच्या वापरातले कार्यक्रम फायली लहान करू शकतात, कारण माणसांच्या लिहिण्यात पुनरुक्ती फार असते. त्या पुनरुक्तीचा लाभ घेऊन ते काही फायली लहान करतात आणि त्याची किंमत म्हणून इतर काही किंचित मोठ्या करतात. सर्वांना लहान करणारा कार्यक्रम कोणाला लिहिता येणार नाही, आज नाही आणि शंभर वर्षांनी नाही. तसा दावा मात्र जगात पुनःपुन्हा केला गेला आहे आणि त्यापायी भाबड्या लोकांचे पैसेही बुडाले आहेत.

मुलाची चूक क्षम्य होती. माझी नव्हती. नियम त्याला पाठ होता. तो नियम स्वतःच्या चार महिन्यांच्या श्रमांना लागू आहे हे त्याला दिसले नाही. आणि ते दिसत नसतानाही मी त्याला पूर्ण गुण दिले होते. त्या दिवसापासून मी हा विषय पुन्हा शिकायला बसलो, आणि पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की, या गणिताची अडचण गणितापाशी सुरू होत नाही, भाषेपाशी सुरू होते.

बारावीपर्यंत मुलांना गणित म्हणजे सूत्र असे वाटत असते. प्रश्न वाचावा, सूत्र आठवावे, आकडे घालावेत, उत्तर काढावे. विविक्त गणितात पहिल्याच आठवड्यात विधाने येतात आणि सूत्र काही येत नाही. 'आणि', 'किंवा', 'नाही', 'जर-तर', 'प्रत्येक', 'काही' हे सहा-सात शब्द हेच तेथले मणी, आणि त्यांच्याच माळा करायच्या. मुले म्हणतात, यात शिकायचे काय? हे शब्द तर आम्ही जन्मापासून वापरतो. खरी गोम तीच आहे.

आता हेच वाक्य पहा: "सगळी मुले आली नाहीत." फळ्यावर लिहून मी वर्गाला विचारतो, किती मुले आली? काही म्हणतात, एकही नाही. काही म्हणतात, काही आली, काही आली नाहीत. दोन्ही पक्ष तावातावाने भांडतात आणि दोन्ही मराठीला धरूनच बोलत असतात. बोलताना आपण आवाजाच्या चढउतारावरून आणि प्रसंगावरून अर्थ लावून घेतो. यंत्राला प्रसंग कळत नाही. दुसरे वाक्य: "वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक विषय आवडतो." आणि तिसरे: "एक विषय वर्गातल्या प्रत्येक मुलाला आवडतो." शब्द तेच, जागा तेवढ्या बदलल्या. पहिल्यात ज्याचा त्याचा विषय वेगळा असू शकतो. दुसऱ्यात सर्वांचा मिळून एकच आहे. विद्यापीठाच्या गणितात जी वाक्ये मुलांना अवघड जातात, त्यांतली पुष्कळशी केवळ याच एका भेदामुळे अवघड असतात.

'जर-तर'ची कथा याहून मौजेची. आई म्हणते, "अभ्यास केलास तर खाऊ मिळेल." मुलाने अभ्यास केला नाही आणि तरीही आईने खाऊ दिला, तर आई खोटे बोलली का? तर्कशास्त्र म्हणते, नाही. अभ्यास न केल्यास काय होईल याविषयी ती काहीच बोललेली नव्हती. मुले या ठिकाणी हटकून अडतात, कारण घरात 'तर'चा अर्थ बहुधा 'तरच' असा घेतला जातो. आणि मी जर म्हणालो की "माझ्या जहागिरीतली सगळी गावे सुपीक आहेत," तर तर्काच्या न्यायालयात मला कोणी खोटे ठरवू शकत नाही. एक तरी नापीक गाव दाखवा, असे मी म्हणेन. आणि जहागीरच नसल्यामुळे ते कोणाला दाखवता येणार नाही!

हे शब्दांचे खेळ नव्हेत. समजा, एका विद्यालयाचा नियम असा आहे: पालकांचे उत्पन्न कमी असेल किंवा पालकांचे छत्रच नसेल, तर फी माफ. कार्यक्रम लिहिणाऱ्याला नकाराची अट लिहायची आहे. तो घाईत लिहितो, "उत्पन्न कमी नसेल किंवा पालकांचे छत्र असेल, तर अर्ज नामंजूर." वरवर पाहता प्रत्येक गोष्टीपुढे नकार घातलेला आहे. पण 'किंवा'चा नकार करताना त्याचे 'आणि' करायला तो विसरला. परिणाम काय? ज्याचे आईवडील हयात आहेत अशा प्रत्येक गरीब मुलाचा अर्ज ते यंत्र निमूटपणे, एका क्षणात, परत पाठवील. आणि खिडकीवरचा कारकून म्हणेल, संगणकानेच नामंजूर केला, मी काय करणार? 'आणि' व 'किंवा' यांच्या नकारांचे हे नियम ज्या द मॉर्गनच्या नावाने ओळखले जातात, तो १८०६ साली आपल्या मदुरेत जन्मलेला इंग्रज गणिती. त्याचा समकालीन जॉर्ज बूल याने १८५४ साली या शब्दांचे बीजगणित रचले. आणि १९३७ साली क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिले की विजेच्या बटणांची मंडले हेच बीजगणित चालवतात. संगणकाची घडण या पायावर उभी आहे. 'किंवा' हा शब्द तेथे अक्षरशः तारेत गुंफलेला आहे.

भाषा झाली की सिद्धतेचा प्रश्न येतो, आणि येथे माहिती तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याची अडचण इतरांहून निराळी आहे. त्याच्या हाती एक अतिशय वेगवान यंत्र आहे. एखादे विधान खरे की खोटे, असे विचारले की तो म्हणतो, "थांबा सर, चालवून पाहतो." लाखभर उदाहरणे तपासतो आणि सांगतो, खरे आहे. त्याला मी एक जुनी गंमत देतो. कोणतीही पूर्णसंख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात ती संख्या मिळवा आणि वर ४१ मिळवा. शून्य घेतले तर ४१, एक घेतला तर ४३, दोन घेतले तर ४७, मग ५३. सगळ्या मूळसंख्या. दहा पाहा, वीस पाहा, एकोणचाळीसपर्यंत पाहा. प्रत्येक वेळी मूळसंख्याच येते. चाळीस घेतल्यावर येतात १६८१, आणि ते होतात ४१ गुणिले ४१. चाळीस वेळा खरे बोललेला साक्षीदार एकेचाळिसाव्या वेळी खोटे बोलतो.

मुले म्हणतात, चाळीस म्हणजे काय सर, आम्ही तर कोटी तपासू. मग त्यांना ऑयलरची गोष्ट सांगावी लागते. अठराव्या शतकातल्या या थोर गणितीला असे वाटले होते की, एखाद्या संख्येचा पंचम घात इतर पंचम घातांच्या बेरजेने मिळवायचा तर निदान पाच संख्या लागतीलच. जवळजवळ दोनशे वर्षे हे अनुमान टिकले. १९६६ साली लँडर आणि पार्किन या दोघांनी संगणक लावून शोधले आणि चारच संख्या सापडल्या: २७, ८४, ११० आणि १३३. यांच्या पंचम घातांची बेरीज १४४ च्या पंचम घाताइतकी भरते. या गोष्टीत संगणकाचा मान आणि त्याची मर्यादा, दोन्ही आहेत. एक प्रतिउदाहरण शोधून दिले की त्याने विधान कायमचे पाडले. परंतु कितीही उदाहरणे जुळवून दिली तरी अनंत संख्यांविषयीचे विधान त्याने सिद्ध होत नाही.

मात्र वस्तू मोजक्याच असतील तेव्हा निवाडा बदलतो. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली शोधलेली ६१७४ ही संख्या आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. चार अंकांची कोणतीही संख्या घ्या, मात्र चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा. आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुढे ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि तेथून पुढे ६१७४ च येत राहते. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत प्रत्येक संख्या येथे पोचते. चार अंकी मांडण्या एकूण दहा हजारच. त्या सगळ्या यंत्राने तपासल्या तर ती तपासणी हीच सिद्धता होय. कापरेकरांच्या संख्येपुढे "चालवून पाहतो" हे उत्तर बरोबर, आणि ४१ च्या गंमतीपुढे तेच उत्तर चूक. हा विवेक मुलाला करता आला की माझे अर्धे काम झाले, असे मी समजतो.

अनंतापुढे यंत्र थकते, तेथे उपाय कोणता? त्याचे नाव गणिती विगमन. पूर्वी मी हे विगमन व्याख्येने सुरू करीत असे आणि वर्ग पाठांतराला लागत असे. आता मी पंगतीपासून सुरू करतो. न संपणारी पंगत बसली आहे. पाण्याचा तांब्या पहिल्या पानावर पोचला आहे, आणि ज्याच्याकडे तांब्या आला तो शेजाऱ्याकडे सरकवतोच, असा रिवाज आहे. एवढ्या दोन गोष्टींची खात्री असली की प्रत्येकाला पाणी मिळणार हे सांगायला पंगतीतून फिरून यावे लागत नाही. दोहोंपैकी एक जरी ढिली असली तरी कोणी तरी तहानलेला राहतो.

हे पटले असे वाटू लागले की मी पोळ्याचे बैल आणतो. गणिताच्या शिक्षकांत घोड्यांच्या रूपाने फार जुना असलेला हा सापळा आहे. एका गोठ्यात एकच बैल असेल तर त्या गोठ्यातले सगळे बैल एका रंगाचे, हे उघड आहे. आता समजा, अमुक एका संख्येच्या कोणत्याही बैलांविषयी हे खरे आहे. एक बैल वाढवा. रांगेतला शेवटचा बाजूला काढला, तर उरलेले एका रंगाचे. पहिला बाजूला काढला, तरी उरलेले एका रंगाचे. मधले बैल दोन्ही वेळा हजर होते, म्हणून सगळे एकाच रंगाचे. तेव्हा जगातले सर्व बैल एका रंगाचे आहेत! वर्ग हसतो. मग मी विचारतो, हसू नका, कोणती ओळ चुकली ते सांगा. आणि वर्ग गप्प होतो. उत्तर चूक आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते. चूक कोठे आहे हे सांगायला कधी कधी सबंध तास जातो. चूक अशी की, एकाचे दोन बैल करताना 'मधला' बैल नसतोच. पंगतीचा तांब्या पहिल्या पानावरून दुसऱ्याकडे सरकलाच नाही; पुढे मात्र शिस्तीत सरकत राहिला असता. ज्या मुलाने ही ओळ स्वतः शोधून काढली त्याला विगमन आले. ज्याने दहा सिद्धता सुबक अक्षरात लिहिल्या त्याला ते आलेच असेल, असे मी आता धरून चालत नाही.

मोजणीच्या प्रकरणात मला आपल्या जुन्या छंदःशास्त्राची फार मदत होते. परंपरेच्या अभिमानासाठी मी ते आणीत नाही; त्यातली उदाहरणे खरोखरच चांगली आहेत म्हणून आणतो. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? मुले मांडून पाहतात: पाच. पाच मात्रांची? आठ. सहा मात्रांसाठी मांडणी सुरू झाली की मी थांबवतो आणि विचारतो, ओळीचे शेवटचे अक्षर कोणते असेल? लघू असेल, तर मागे पाच मात्रा उरल्या. गुरू असेल, तर चार. म्हणून आठ आणि पाच, तेरा. मोठा प्रश्न त्याच जातीच्या लहान प्रश्नांवर सोपवून द्यायचा, ही संगणकाच्या विद्येतली एक थोर युक्ती येथे मुलांच्या हाती आपोआप येते. हेमचंद्राने बाराव्या शतकाच्या मध्यास ही मालिका सांगितली, आणि त्याच्याही कित्येक शतके आधी विरहांकाने. युरोपात ती फिबोनाचीच्या १२०२ सालच्या ग्रंथातून प्रसिद्ध झाली आणि त्याच्याच नावाने आज जगभर चालते.

पिंगलाची एक रीत तर मला या साऱ्यांत अधिक मोलाची वाटते. वसंततिलकेच्या ओळीत चौदा अक्षरे. प्रत्येक लघू किंवा गुरू असू शकते, असे धरले तर एकूण प्रकार किती? दोनाला दोनाने चौदा ठिकाणी गुणायचे. पिंगल सांगतो: संख्या सम असेल तर अर्धी करा, विषम असेल तर एक वजा करा, आणि शून्यापर्यंत जा. चौदाचे सात, सातचे सहा, सहाचे तीन, तीनचे दोन, दोनाचा एक, एकाचे शून्य. आता एक घेऊन उलट वाटेने या. जेथे एक वजा केला होता तेथे दुप्पट करा, जेथे अर्धे केले होते तेथे वर्ग करा: दोन, चार, आठ, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी. सहा पायऱ्यांत उत्तर. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी गुप्तलेखनाची जी पद्धत दिली, तीत घातांक शेकडो अंकी असतो. एकेक गुणाकार करीत बसले तर विश्वाचे आयुष्य पुरणार नाही. तेथे तारून नेते ती अर्धे करण्याची आणि वर्ग करण्याची हीच वाट. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी वृत्ते मोजण्यासाठी काढलेली रीत आज गुप्त संदेशांच्या कामी येते, हे ऐकून शेवटच्या बाकावरचीही मान वर होते.

आणि आपल्या भास्कराचार्यांनी लीलावतीत शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधे आलटून पालटून किती प्रकारे धरता येतील असे विचारले आहे. उत्तर छत्तीस लक्ष अठ्ठावीस हजार आठशे. चाळीसगावाजवळ पाटण येथे शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाची त्यात नोंद आहे. आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या त्या मठात हाच प्रश्न कोणी तरी कोणाला तरी विचारला असेल. विद्यार्थी तेव्हाही आयुधे मांडून पाहायला लागला असेल, आणि गुरूने त्याला थांबवले असेल.

आता अलीकडची अडचण सांगतो. गेल्या काही वर्षांत अशी यंत्रे आली आहेत की त्यांना प्रश्न दिला की ती क्षणात कार्यक्रमही लिहून देतात आणि सिद्धताही. घरी सोडवायला दिलेली उदाहरणे दुसऱ्या दिवशी सगळी सुटलेली येतात, आणि भाषा माझ्यापेक्षा सफाईची असते. माझे काही सहकारी त्यामुळे खिन्न झाले. हा विषय शिकवण्यात अर्थ उरला नाही, असेही एकाने बोलून दाखवले. मला मात्र माझी जुनी चूकच नव्या वेषात समोर आल्यासारखे वाटले. सुबक लिहिलेली सिद्धता समजल्याचा पुरावा नसते, हे मला त्या कबुतरांनी पूर्वीच शिकवले होते.

म्हणून आता मी परीक्षेचा एक भाग बदलला आहे. यंत्राने लिहिलेल्या चार सिद्धता मी मुलांपुढे ठेवतो. काही निर्दोष, काही बैलांसारख्या. प्रश्न एकच असतो: "यातल्या कोणत्या ओळीवर तू सही करणार नाहीस, आणि का?" पहिल्या वेळी वर्गाची फार दैना झाली. चांगले गुण मिळवणारी मुलेही प्रत्येक कागदाखाली सही करून मोकळी झाली. एक मुलगी तेवढी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ही तिसरी ओळ मला खोटी वाटते, पण मराठीतच सांगता येईल." मी म्हटले, मराठीतच सांग. तिने सांगितले, आणि ते बरोबर होते. २०२१ पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे शिक्षण घेण्याची वाट खुली झाली आहे. पुस्तके, परिभाषा, नोकरी यांचे वाद चालू राहतील. पण माणूस ज्या भाषेत शंका घेतो, त्याच भाषेत त्याची सिद्धता जन्म घेते, हे मी त्या मुलीपाशी शिकलो. वर्गात आता शंका कोणत्याही भाषेत चालते. उत्तर मात्र सर्वांना कळेल असे द्यावे लागते.

त्या फायलींच्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. त्याने प्रकल्प बदलला. कोणत्या प्रकारच्या फायली किती लहान होतात आणि कोणत्या होत नाहीत, याचा साधा अभ्यास त्याने सादर केला आणि तो उत्तीर्ण झाला. वडिलांचे पैसे त्याने पहिल्या वर्षाच्या पगारातून फेडले. आज तो एका बँकेच्या संगणक विभागात आहे. मागच्या दिवाळीत त्याचा फोन आला होता. बँकेच्या साऱ्या नोंदी, कोणत्याही असोत, एक अक्षरही न गमावता अर्ध्या जागेत बसवून देऊ, असे म्हणणारा कोणी विक्रेता त्यांच्याकडे आला होता. सादरीकरण दिमाखदार झाले. वरिष्ठ खूश होते. कागद सहीसाठी याच्यापुढे आला.

"मग तू काय केलेस?" मी विचारले.

"काही नाही सर. त्यांना म्हटले, कबुतरे किती आणि खण किती, तेवढे लिहून द्या. ते अजून आलेले नाहीत."